वाचक विचारतात: ‘स्पायडर-मॅन २’ अजून बघावा का?

प्रश्न : माझा भाचा अकरावीत आहे. त्याच्या मते २००४ चा ‘स्पायडर-मॅन २’ म्हणजे नुसतं रडगाणं. मला तो अजूनही आवडतो. त्यात खरंच दम आहे, की मला कॉलेजच्या दिवसांची ओढ आहे? आणि त्याच्या दोन आवृत्त्या दिसतात, कुठली बघू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : दम आहे, आणि भाच्याला जे रडगाणं वाटतं त्यातच आहे. पीटर पार्कर आधी घरभाड्यानं गांजलाय, खलनायक नंतर येतो. पिझ्झा पोचवायला उशीर झाला म्हणून नोकरी जाते, कॉलेजात प्राध्यापक झापतात, घरमालक हातातले वीस डॉलर हिसकावून घेतो. मे काकूच्या घराचे हप्ते थकलेत, तरी वाढदिवसाला ती त्याच्या हातात पैसे कोंबते आणि तो ‘नको’ म्हणाल्यावर तिचा बांध फुटतो.

सिनेमाच्या रसग्रहणाच्या वर्गात मी त्याच स्वयंपाकघरातला पुढचा प्रसंग दाखवते. ज्या चोरानं काकांना मारलं त्याला आपणच आधी पळू दिलं होतं, हे पीटर काकूला सांगतो. काकूचं काम करणारी रोझमेरी हॅरिस त्याच्या हातातून आपला हात हळूच काढून घेते, उठते आणि जिना चढून वर निघून जाते. ना शब्द, ना हुंदका. पुढे ती त्याला माफ करते ते पटतं, कारण आधी हा हात सुटलेला आपण पाहिलेला असतो.

मारामारीही उत्तम आहे. रेल्वेच्या प्रसंगाचं बरंच चित्रण शिकागोत झालं. बेशुद्ध पीटरला प्रवासी डोक्यावरून हातोहात आत घेतात, त्याचा उघडा चेहरा बघतात आणि गुपित राखतात. खलनायक डॉक्टर ऑक्टोपसच्या पाठीवरचे यांत्रिक हात अनेक दृश्यांत खरे बनवलेले होते, कळसूत्री कलाकार ते हलवत. म्हणूनच ही भूमिका करणारा आल्फ्रेड मोलिना त्यांच्याशी बोलतो ते इतकं खरं वाटतं. दृश्यपरिणामांचं ऑस्कर या सिनेमाला मिळालं, ते योग्यच झालं.

आता दोष. पीटरचं जिच्यावर प्रेम आहे त्या मेरी जेनवर खरा अन्याय झालाय. पूर्वार्धात ती रंगभूमीवरची नटी आहे, तिला स्वतःचं मत आहे, राग आहे. उत्तरार्धात तिला पळवून नेऊन साखळदंडांनी बांधून ठेवलं जातं. पहिल्या भागाच्या शेवटीही तिला ओलीसच धरलं होतं. लेखकांना तिच्यासाठी दुसरं काही सुचू नये, याची मला दर वेळी चीड येते. लग्नाच्या दिवशी ती ज्याला सोडून पळते त्या जॉन जेमसनच्या वाट्याला तर दुःखही धड येत नाही. पीटरच्या शक्ती कथेच्या सोयीनं जातात आणि सोयीनंच परततात. आणि डॉक्टर ऑक्टोपसनं पेटवलेला एवढा धगधगता कृत्रिम सूर्य नदीत बुडवला की विझतो, हे शाळकरी पोरालाही पटणार नाही. भाच्यानं यावर बोट ठेवलं तर त्याचं खुशाल मान्य करा.

बघायची ती मूळ आवृत्तीच. २००७ मध्ये आलेल्या ‘२.१’ मध्ये आठेक मिनिटं जादा आहेत. लिफ्टमधला विनोद त्यात लांबतो आणि कथेत काहीच नवी भर पडत नाही.