वाक्य माझं, आवाज वडिलांचा

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे बरेच जण हा प्रश्न घेऊन येतात, शब्द प्रत्येकाचे वेगळे पण मुद्दा तोच, की मी जे मानते ते खरंच माझं आहे का, की लहानपणापासून कानावर पडलं म्हणून मानत आले? आणि त्याच्या मागे भीती असते, हे सगळं उकरून काढलं तर माझं म्हणून काय उरेल.

मागे एक ताई आल्या होत्या. (त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) ऑपरेशननंतर वजन उचलू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं तरी बाईंनी एकटीने कपाट सरकवलं आणि टाके उसवले. घरात माणसं होती, पण कुणाला हाक मारली नाही. पण त्या माझ्याकडे आल्या त्या यासाठी नाही, मुलासाठी आल्या. तो गणिताची वही घेऊन उभा होता आणि ह्यांच्या तोंडून निघालं, "आपलं आपण करायचं, कुणापुढे हात पसरायचा नाही." त्याने वही मिटली आणि गेला. मला म्हणाल्या, "मॅडम, तो सूरसुद्धा माझ्या बाबांचा होता. मग माझं असं काय आहे?"

मी विचारलं, हे पहिल्यांदा कधी ऐकलंत? म्हणाल्या, नेहमीच. बहुतेकांचं हेच उत्तर येतं, कारण वाक्य लक्षात राहतं आणि ते कुणी, कधी सांगितलं ते पुसलं जातं. शिवाय एकच गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर पडली की ती जास्त खरी वाटायला लागते, हे १९७७ साली हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो या संशोधकांनी प्रयोग करून दाखवलंय. म्हणून मी "का मानता" असं विचारत नाही, कारण ते कारण माणूस तिथल्या तिथे तयार करतो. मी विचारते, कोण बोललं, कुणाला, आणि तेव्हा घरात काय चाललं होतं.

बराच वेळ त्या रुमालाची कड मुडपत बसल्या. मग म्हणाल्या, बाबांचा धंदा बुडाला होता, सख्ख्या भावाकडे उसने मागायला गेले आणि त्याने दारातूनच परत पाठवलं. घरी येऊन बूट न काढताच भिंतीकडे तोंड करून बसले. ह्या तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या, जवळ गेल्या तर बाबा ते वाक्य बोलले. एका माणसाचा एका संध्याकाळी झालेला अपमान, आणि मुलीने तो आयुष्यभराचा नियम म्हणून धरून ठेवला.

त्यावर त्या चिडल्याच, म्हणजे हे सगळं खोटंच की! इथे मी प्रत्येकाला थांबवते. मत कुठून आलं हे कळलं म्हणून ते चूक ठरत नाही, पाढेसुद्धा आपल्याला दुसऱ्यानेच शिकवलेले असतात ना. याच वाक्याच्या जोरावर ह्या बाई शिकल्या, नोकरीला लागल्या, ते कसं नाकारायचं? उगम सापडला की पकड थोडी सैल होते, एवढंच. तपासायचं काम त्यानंतर सुरू होतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी उपचारपद्धती मांडली तिच्यात हीच तपासणी आहे: याला पुरावा काय, तर्कात बसतं का, आणि असं मानून माझं भलं होतंय का. "च" लावून येणारी वाक्यं, म्हणजे झालंच पाहिजे, करताच कामा नये, ती आधी घ्यावीत. आणि सुरुवात देवाधर्मापासून करू नका, जे मत रोज टोचतंय त्याच्यापासून करा. फक्त झोप उडत असेल, दिवसभर तेच घोळत असेल तर एकट्याने खणत बसू नका, कुणाला तरी सोबत घ्या.

ताईंना मी आठवड्यात एकच छोटी मदत मागायला सांगितली, पण काय होईल ते आधी लिहून. त्यांनी लिहिलं, "ती टाळेल, मनात हसेल." ऑफिसमधल्या मैत्रिणीला दोन तासांचं काम सांभाळशील का विचारलं तर ती म्हणाली, "अगं एवढंच ना?" आणि पुढच्या आठवड्यात तीच ह्यांच्याकडे मदत मागायला आली. ताईंनी स्वतःच्या वहीत लिहिलेलं बाबांचं वाक्य खोडलं नाही, त्याच्या खाली लिहिलं, "जमेल तेवढं आपण करायचं, अडलं की विचारायचं."

मुलगा मात्र त्या दिवसानंतर वही घेऊन आलाच नव्हता. शेवटी ह्याच त्याच्या शेजारी जाऊन बसल्या, गणित दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "मलाही येत नाहीये रे, चल, कुणाला तरी विचारू."