तक्ते आणि उतारे वाचून निष्कर्ष काढायचा सराव नेमका कसा करायचा?

तुमचा प्रश्न असा आहे की राज्यसेवा पूर्व परीक्षेतल्या सीसॅटसाठी (आकलन आणि तर्क तपासणारा पेपर) ढीगभर सराव सेट सोडवले, तरी तक्त्यावरच्या आणि उताऱ्यावरच्या प्रश्नांत शेवटी दोन पर्याय उरतात आणि त्यातला चुकीचाच टिक होतो, मग अजून किती सेट सोडवायचे. मी संध्याकाळी आमच्या इथल्या अभ्यासिकेत मुलांचं सीसॅट घेते, आणि हे दुखणं मला इतक्या जणांत दिसतं की जरा सविस्तरच लिहिते.

माझं म्हणणं एकच आहे, सेट वाढवू नका. एकच तक्ता घ्या आणि त्यावर दुसऱ्याने विचारलेले प्रश्न सोडवण्याऐवजी स्वतः विधानं लिहा, दहा-बारा तरी. मग प्रत्येक विधानापुढे तीनपैकी एक शेरा मारा: बरोबर, चूक, किंवा यावरून सांगता येत नाही. पहिले दोन शेरे सगळ्यांना जमतात, मार्क जातात ते तिसऱ्यात, कारण आपल्याला जे आधीपासून माहीत असतं ते आपण नकळत तक्त्यात घुसवतो आणि वर म्हणतो की तक्त्यातच दिलंय की.

उदाहरण घेऊनच सांगते. जनगणनेचे आकडे आहेत, जिल्हा, 2001 ची लोकसंख्या, 2011 ची लोकसंख्या आणि 2011 चं लिंग गुणोत्तर (दर हजार पुरुषांमागे स्त्रिया) या क्रमाने.

मुंबई शहर – 33,38,031 – 30,85,411 – 832
रत्नागिरी – 16,96,777 – 16,15,069 – 1122
सिंधुदुर्ग – 8,68,825 – 8,49,651 – 1036
ठाणे – 81,31,849 – 1,10,60,148 – 886

आता विधान: रत्नागिरीतले पुरुष कामासाठी मुंबईला जातात म्हणून तिथे स्त्रियांचं प्रमाण जास्त आहे. वर्गात हे विधान टाकलं की अर्ध्याहून जास्त हात 'बरोबर'ला वर येतात आणि कोकणातल्या मुलांचे तर सगळेच, कारण प्रत्येकाच्या घरातला कोणीतरी चाकरमानी असतोच. गोष्ट खरी आहेच, पण या तक्त्यात स्थलांतराचा एक आकडासुद्धा नाही, कोण कुठे गेलं हे कुठेही लिहिलेलं नाही. म्हणून शेरा 'सांगता येत नाही'. विधान जगात खरं असणं आणि दिलेल्या माहितीवरून निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि परीक्षेत विचारतात ती दुसरी.

दुसरं विधान: चार जिल्ह्यांपैकी पुरुषांची संख्या सर्वात कमी रत्नागिरीत आहे. 1122 हा आकडा मोठा दिसतो, मग पुरुष कमी असणार असं डोकं लगेच म्हणतं, पण गुणोत्तर म्हणजे संख्या नाही. सिंधुदुर्गची सगळी लोकसंख्याच साडेआठ लाखाच्या आत, त्यात पुरुष निम्म्याहून कमी, म्हणजे सव्वाचार लाखाच्याही खाली. रत्नागिरीत साडेसात लाखाच्या वर पुरुष आहेत. विधान चूक. हे कळायला पूर्ण भागाकार करायची पण गरज नाही, अंदाजावर भागतं, आणि तो अंदाज करायची सवय लागली की परीक्षेत बराच वेळ वाचतो.

तिसरं: 2001 ते 2011 या काळात मुंबई शहराची लोकसंख्या दरवर्षी घटत गेली. इथे भले भले अडकतात. आपल्याकडे दोनच वर्षांचे आकडे आहेत, मधल्या नऊ वर्षांत ती आधी वाढून मग घटली असेल, काहीही झालं असेल. सांगता येत नाही. 'दरवर्षी', 'सातत्याने', 'सतत' असे शब्द विधानात दिसले की आधी बघायचं की तक्त्यात तेवढी वर्षं दिली आहेत का.

आणि चौथं, महाराष्ट्रात ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या सर्वाधिक आहे. 2011 ला ते खरंच तसं होतं, ज्यांनी भूगोल पाठ केलाय ते डोळे झाकून 'बरोबर' लिहितात. पण तक्त्यात चारच जिल्हे आहेत, बाकीच्यांबद्दल तो गप्प आहे, त्यामुळे जास्तीत जास्त 'या चारांत सर्वाधिक' एवढंच म्हणता येतं. (आणि हे ठाणे म्हणजे पालघर वेगळा व्हायच्या आधीचं, तो जिल्हा 2014 ला झाला, हेही तक्त्यावरच्या वर्षाकडे लक्ष असेल तरच सुचतं.)

सरासरीचा सापळा वेगळा सांगते कारण तो फार येतो. मुंबई शहराचं गुणोत्तर 832, उपनगर जिल्ह्याचं 860, मग दोन्ही मिळून किती? दहापैकी आठ जण 846 म्हणतात. उपनगरची लोकसंख्या 93,56,962, म्हणजे शहराच्या तिप्पट, मग एकत्र आकडा 860 च्या बाजूला झुकणारच, प्रत्यक्ष तो 853 येतो. लोकसंख्या दिलेलीच नसेल तर तो काढताच येत नाही, फक्त 832 आणि 860 च्या मध्ये कुठेतरी आहे एवढंच सांगता येतं. गुणोत्तर, टक्केवारी, दर, यांची सरळ सरासरी काढायची नाही, आधी प्रत्येकाच्या मागे माणसं किती ते बघायचं.

अजून एक, तक्त्याचं शीर्षक आणि तळटीप आधी वाचा, आकडे नंतर. महाराष्ट्राचं एकूण लिंग गुणोत्तर 2001 ला 922 होतं ते 2011 ला 929 झालं, पण शून्य ते सहा वयोगटातलं 913 वरून 894 वर आलं. एकच ओळ वाचणारा म्हणेल सुधारणा झाली आणि दुसरी वाचणारा म्हणेल बिघडलं. शीर्षकात वयोगट लिहिलेला असतो, तो वाचायचा कंटाळा केला की उत्तर उलटं होतं. शिवाय याच 894 च्या जागी काही नोट्समध्ये 883 सापडेल, तो 2011 चाच पण तात्पुरता आकडा आहे, अंतिम नंतर आला, आणि ते तळटीपेतच लिहिलेलं असतं. मला स्वतःला हा तक्ता शिकवताना दरवेळी त्रास होतो, त्या आकड्यामागे न जन्मलेल्या मुली आहेत, त्यामुळे तो चुकीचा वाचला जाणं मला मार्कांपलीकडेही खटकतं.

उताऱ्याला तीच पद्धत, फक्त इथे आकड्यांच्या जागी विशेषणं आणि क्रियाविशेषणं पकडायची. छोटा उतारा घ्या: '16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी भारतातली पहिली प्रवासी रेल्वे धावली. सुमारे 34 किलोमीटरच्या या प्रवासात 14 डब्यांत मिळून सुमारे 400 निमंत्रित पाहुणे होते.' विधान, भारतात 1853 च्या आधी रेल्वे नव्हती. उताऱ्यात 'पहिली प्रवासी' आहे, 'पहिली' नाही, त्या एका शब्दावर सगळं फिरतं. मालवाहू रेल्वे त्याआधी मद्रासकडे धावली होती, पण ते माहीत नसलं तरी शेरा 'सांगता येत नाही' हाच. प्रत्येक डब्यात 28-29 माणसं होती? नाही, ती सरासरी झाली, एखाद्या डब्यात दहाच असतील. सामान्य माणसांना त्या गाडीत बसायला मनाई होती? निमंत्रित होते एवढंच लिहिलंय, मनाईचं कुठेच नाही. मग बरोबर काय निघतं, तर भारतातल्या पहिल्या प्रवासी रेल्वेत निमंत्रित पाहुणे होते. फार साधं वाटतं ना? बरोबर निष्कर्ष बहुतेक वेळा असाच मिळमिळीत असतो आणि चुकीचा पर्याय भारदस्त, म्हणून हात तिकडे जातो.

दोन पर्यायांत अडकलात तर प्रत्येक पर्यायासाठी उताऱ्यातल्या नेमक्या ओळीवर किंवा तक्त्यातल्या नेमक्या घरावर बोट ठेवा. बोट ठेवायला जागा नाही सापडली तर तो पर्याय तुमच्या डोक्यातून आलाय. घरी सराव करताना ती ओळ खरंच पेन्सिलने अधोरेखित करा, मनातल्या मनात नको.

मटेरियल फुकट आहे. महाराष्ट्राची आर्थिक पाहणी अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी काढतं, मराठीतही असते, त्यात वर्षभर पुरतील एवढे तक्ते आहेत आणि प्रत्येकाखाली तळटीपा. ही परीक्षा घेणाऱ्या लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससी) वेबसाइटवर जुने पेपर आणि उत्तरतालिका मिळतात. सोबत कोणी अभ्यास करत असेल तर एकमेकांसाठी विधानं लिहून वह्या बदला. समोरच्याला फसवणारं विधान तयार करताना पेपर काढणारा कुठे सापळा लावतो ते जेवढं कळतं तेवढं सोडवून कळत नाही.

घड्याळ सुरुवातीला लावू नका. 80 प्रश्न, दोन तास, म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिट हे गणित सगळ्यांना पाठ असतं आणि त्याच धाकाने लोक उतारा अर्धवट वाचून पर्यायांकडे पळतात. पेपर क्वालिफायिंग आहे, म्हणजे फक्त पास व्हायचं असतं, 200 पैकी 66 लागतात, त्यामुळे सगळं सोडवायची गरजच नाही. पहिले काही आठवडे वेळ न बघता फक्त शेरे बरोबर येतायत का ते बघा, 'सांगता येत नाही' वाले चुकायचे थांबले की मग टायमर लावा आणि तेव्हासुद्धा आधी एकेका उताऱ्याला, पूर्ण पेपर त्यानंतर.