'पेशंट' म्हणजे रुग्ण आणि 'पेशंट' म्हणजे धीर धरणारा, हे दोन वेगळे शब्द आहेत का?

नाही, शब्द एकच आहे. मूळ लॅटिन क्रियापद 'पती', म्हणजे सोसणे, भोगणे (आपल्या पतीशी त्याचा काही संबंध नाही!). त्यावरून लॅटिनमध्ये 'पातिएन्स' म्हणजे सोसणारा. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला आणि १४व्या शतकात दोन्ही अर्थांनी वापरात होता. चॉसर या इंग्रज कवीच्या 'कँटरबरी टेल्स'मधल्या वैद्याच्या वर्णनात तो रुग्ण याच अर्थाने येतो. दुखणं सोसतो तो रुग्ण आणि कुरकुर न करता सोसतो तो सहनशील, इतकाच फरक.

याच कुळातला 'पॅशन' जास्त मजेशीर आहे. आज त्याचा अर्थ उत्कट आवड, पण आधी तो येशूच्या क्रूसावरच्या यातनांसाठी वापरला जाई. पॅशन फ्रूटचा प्रेमाबिमाशी काही संबंध नाही. त्या वेलीच्या फुलात मिशनऱ्यांना काट्यांचा मुकुट आणि खिळे दिसले, म्हणून ते नाव पडलं. 'कम्पॅशन' म्हणजे दुसऱ्यासोबत सोसणं. 'पॅसिव्ह'ही यातलाच. भाषाशास्त्रात तर क्रिया ज्याच्यावर घडते त्याला आजही 'पेशंट'च म्हणतात, मग तो ठणठणीत का असेना.

आणि तेरड्याचं शास्त्रीय नाव 'इम्पेशन्स', म्हणजे अधीर. कारण पिकलेल्या बोंडाला नुसता हात लागला तरी ते फुटून बिया उडतात.