लॅपटॉप दुरुस्तीला टाकण्याआधी

नवी पेठेत लॅपटॉप टाकायला निघालायस ना? आधी बिघाड काय ते बघ. स्क्रीन, कीबोर्ड किंवा बिजागरीचं काम असेल तर तुझ्या फायली असलेली डिस्क दुकानात ठेवायची गरजच नाही. समोर काढून घे. बऱ्याच मॉडेलमध्ये एसएसडी (म्हणजे हल्लीची डिस्क) एकाच स्क्रूवर बसलेली असते. (काहींत बोर्डालाच सोल्डर केलेली असते, तिथे इलाज नाही.)

लॉगिन पासवर्डावर विसंबू नकोस. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की फायली उघड्याच. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर गोष्ट वेगळी, पण मदरबोर्ड बदलला की तो 48 आकडी रिकव्हरी की मागतो. ती आधीच उतरवून घरी ठेव, नाहीतर स्वतःच्याच फायलींना मुकशील.

डिस्क द्यावीच लागली तर बॅकअप घे, ब्राउझरमधले पासवर्ड काढ. व्हॉट्सॲप मोबाइलवरच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मधून लॉगआउट कर, हे लोक हमखास विसरतात. आधार-पॅनचे स्कॅन डाउनलोड्समध्ये लोळत असतातच. दुकानदाराने पासवर्ड मागितला तर ॲडमिन नसलेलं साधं खातं उघडून त्याचा दे.

डिस्क बदलली तर जुनी मागून घे. "बंद पडलीय, काय करता तिचं?" म्हणतील. तरी घे; बंद डिस्कमधूनही बराच डेटा निघतो.