२७ लिटर वर्टला उकळी फुटायला दीड तास लागतो, मोठा बर्नर घ्यावा का?

घरी बिअर करताना ३० लिटरच्या भांड्यात २७ लिटर वर्ट, उकळी यायला दीड तास, ज्योत पिवळट आणि भांड्याचं बूड काळंकुट्ट, असं तुम्ही लिहिलंय. मोठा बर्नर आत्ता घेऊ नका. पिवळी ज्योत आणि काजळी दोन्ही एकच सांगतात: जो गॅस जाळताय तोच धड जळत नाहीये. त्यावर मोठा बर्नर आणणं म्हणजे गळक्या हंड्याला जाडा नळ लावणं.

आधी हिशोब बघू. वर्ट म्हणजे माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या धान्याचं) गोड पाणीच, त्यामुळे पाणी धरून चाललं तरी फारसं चुकत नाही. २५ अंशांचं २७ लिटर पाणी १०० अंशांवर न्यायला साधारण ८,५०० किलोज्यूल लागतात. ते दीड तासात झालं म्हणजे भांड्यात जेमतेम १.६ किलोवॅट शिरले. तुमच्या बर्नरवर काय आकडा छापलाय ते लिहिलेलं नाही, पण समजा तो ६ किलोवॅटचा असेल, तर जवळपास तीन चतुर्थांश उष्णता हवेत गेली.

समजा कशाला म्हणायचं, मोजूनच बघा. २० लिटर साधं पाणी घ्या, झाकण न ठेवता ३० वरून ८० अंशांपर्यंत तापवा, वेळ लिहा. सिलिंडर लहान असेल तर सुरू करण्याआधी आणि संपल्यावर वजन करा. मी सामान तोलायचा टांगता काटा वापरतो, दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे होतात, हरकत नाही. पाण्यात गेलेली उष्णता ४,१९० किलोज्यूल. एक किलो एलपीजी जळला की सुमारे ४६,००० किलोज्यूल मिळतात. पाण्यात गेलेल्या उष्णतेला जळालेल्या गॅसच्या उष्णतेने भागलं की बर्नर किती कामाचा ते कळतं. माझा पहिला निकाल: ३४ मिनिटं, ३३० ग्रॅम. म्हणजे २८ टक्के. लाज वाटली. खटपटीनंतर त्याच बर्नरवर १९ मिनिटं आणि २०० ग्रॅम, म्हणजे ४५ टक्क्यांच्या आसपास. बर्नर तोच, रेग्युलेटरही तोच.

सगळ्यात जास्त फरक पडला तो उंचीने. माझ्या स्टँडवर भांडं बर्नरपासून चांगलं वीतभर वर बसायचं. तिथे पोचेपर्यंत ज्योतीत आजूबाजूची गार हवा मिसळलेली असते. वेल्डरकडून वरची कडी खाली आणून घेतली. किती खाली, ते ज्योतच सांगते: अंधार पडल्यावर पेटवा आणि आतल्या फिकट निळ्या सुळक्यांकडे बघा. त्यांची टोकं बुडाला टेकता कामा नयेत, पण त्यांच्या थोडंसंच वर बूड असावं. टेकली तर ज्योत गार पडते, गॅस अर्धवट जळतो, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. फार खाली आणायचा मोह मलाही झाला होता, तेव्हा बूड दहा मिनिटांत काळं झालं. विटा रचून उंची जमवू नका. २७ लिटर उकळतं पाणी विटांवर डगमगताना बघायची हौस कुणालाच नसावी.

दुसरा फरक वाऱ्याचा. झुळूकसुद्धा ज्योत भांड्याखालून बाजूला ओढून नेते. भांड्याभोवती साध्या पोलादी पत्र्याचा गोल आडोसा केला, भांडं आणि पत्र्यात दोन-तीन सेंटिमीटरची फट ठेवली. मग गरम वायू त्या फटीतून भांड्याच्या अंगाला घासत वर जातात आणि बुडासोबत बाजूही तापते. खालचा भाग मोकळाच ठेवायचा, नाहीतर बर्नर हवेविना गुदमरेल. पत्रा जस्त चढवलेला नको, तापला की त्याचा धूर बाधतो. आणि आडोशाच्या आत फक्त भांडं आणि बर्नर, सिलिंडर आणि गॅसची नळी लांब.

आता तुमची पिवळी ज्योत. एक भाग प्रोपेन (एलपीजीतला एक मुख्य वायू) पुरता जाळायला साधारण २४ भाग हवा लागते. यातली बरीचशी हवा जेटच्या (गॅस बाहेर पडतो त्या बारीक भोकाच्या) मागच्या खिडकीतून बर्नरच्या नळीत खेचली जाते, तीच खिडकी फिरत्या चकतीने कमी-जास्त करायची असते. चकती हळूहळू उघडत जा, पिवळी टोकं जाऊन ज्योत निळी आणि घट्ट झाली की थांबा. ज्योत बर्नरवरून उचलली जाऊन घोंघावायला लागली तर हवा किंवा दाब जास्त झालाय. आतल्या आत फट्‌फट्‌ होऊन जेटपाशी जळायला लागलं तर लगेच बंद करा, गार होऊ द्या आणि दाब थोडा वाढवून पुन्हा पेटवा.

चकती पूर्ण उघडूनही पिवळीच राहिली तर बर्नरची नळी काढून टॉर्च मारा. माझ्या नळीत वालाच्या दाण्याएवढा पांढरा कापशी गोळा होता: कोळ्याचं घर. बर्नरच्या नळ्या कोळ्यांना का आवडतात देव जाणे, पण आवडतात. बाटली धुवायच्या ब्रशने तो निघाला आणि पुढच्याच पेटवणीला ज्योत निळी. तेव्हापासून बर्नर ठेवून देताना नळीच्या तोंडाला कापड बांधतो (आणि पेटवण्याआधी सोडतो, हेही एकदा विसरून झालंय).

एक मूर्खपणा माझ्याकडून झाला, तो तुम्ही टाळा. ‘ज्योत मोठी करू’ म्हणून मी १ मिलिमीटरचा जेट १.२ मिलिमीटरच्या ड्रिलने मोठा केला. दिसायला किरकोळ, पण भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे गॅस ४४ टक्के जास्त, आणि हवेची खिडकी होती तेवढीच. लालपिवळी ज्योत भांड्याच्या काठापर्यंत चढली. जेट बदलावा लागला. जेट तुंबलाच तर गरम साबणपाण्यात भिजवून वाळवा, फारतर मऊ पितळी तार फिरवा, सुई किंवा ड्रिल नको.

रेग्युलेटर तपासा. घरगुती रेग्युलेटर साधारण ३० मिलिबार देतो, जास्त दाबाच्या बर्नरला तो पुरत नाही आणि ज्योत मरगळलेली दिसते. उलटं मात्र धोक्याचं: कमी दाबाच्या शेगडीला जास्त दाबाचा रेग्युलेटर कधीच लावू नका. जोडणी केली की प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी, बुडबुडा आला की गळती.

ज्योत सुरुवातीला जोरदार आणि अर्ध्या तासाने ढेपाळत असेल तर सिलिंडरला हात लावून बघा. द्रवाचा वायू होताना सिलिंडरचीच उष्णता शोषली जाते, तो गारठतो आणि आतला दाब उतरतो. बाहेरून दव किंवा बर्फाची पट्टी दिसते. लहान सिलिंडरवर मोठा बर्नर चालवला की हे होणारच (मोठा बर्नर नको म्हणण्याचं आणखी एक कारण). मोठा सिलिंडर घ्या, तो उभाच ठेवा. त्याला आच किंवा उकळतं पाणी देणं हा उपाय नव्हे.

हे सगळं घराबाहेर, उघड्यावरच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळाला तर तळघरात, गटारात, खोलगट जागी साठून राहतो.

एकदा उकळी आली की बर्नर कमी करा. २७ लिटरमधून तासाला १० टक्के पाणी उडवायला पाण्यात साधारण १.७ किलोवॅट पोचले तरी भागतं, वरून भांड्याच्या अंगातून जाते तेवढी भर. झाकण मात्र उघडं, कारण शिजवलेल्या मक्यासारखा वास देणारं डायमिथाइल सल्फाइड वाफेबरोबर जायला हवं. उकळी फुटायच्या बेताला फेस भसाभस वर येतो, तेव्हा हात रेग्युलेटरच्या कानावर असू द्या. माल्टचा घट्ट अर्क वापरत असाल तर तो ओतताना बर्नर बंदच, ढवळून विरघळला की पुन्हा पेटवा, नाहीतर तो तळाशी बसून करपतो आणि ती चव अख्ख्या बॅचला लागते.

आधी पाण्याची चाचणी करा आणि मिनिटं व ग्रॅम हे दोन आकडे खाली लिहा. ४० टक्क्यांच्या वर असूनही तासाभराच्या आत उकळी येत नसेल, तर मग मोठ्या बर्नरचं बोलू.