चमकणारं पारदर्शक प्लास्टिक आवडलंय, मग फिजिक्स घेऊ की केमिस्ट्री?

तुझं पत्र वाचलं. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहेस, दोन्ही विषय आवडतात, लॅबमध्ये यूव्ही लाईटखाली लालभडक चमकणारी आणि एरवी काचेसारखी स्वच्छ दिसणारी प्लास्टिकची चकती बघितलीस आणि तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. बाबा म्हणतायत एवढ्याशा विषयाला नोकरी कोण देणार. आणि तुला ठरवता येत नाहीये की एमएस्सी कशात करायची.

बाबांचं निम्मं बरोबर आहे. नुसतं "नॅनो" नाव बघून कोर्स घेऊ नकोस, नावात नॅनो आणि सिलॅबसमध्ये सगळं वरवरचं असे कोर्स भरपूर असतात. पण विषय एवढासा नाहीये गं. त्या चकतीत असतात क्वांटम डॉटसारखे, म्हणजे काही नॅनोमीटरचे, प्रकाश पडला की चमकणारे कण. क्वांटम डॉटवाल्या टीव्हीत निळ्या एलईडीचा प्रकाश एका पातळ फिल्ममधून जातो, त्या फिल्ममधले कण त्यातला काही भाग हिरवा आणि लाल करतात, आणि ती फिल्म म्हणजे तू बघितलेल्या चकतीचीच बहीण. 2023 चं केमिस्ट्रीचं नोबेल बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना याच कणांसाठी मिळालं, त्यातल्या एकिमोव्ह यांना तर कणाच्या आकाराप्रमाणे रंग बदलण्याचा हा परिणाम आधी रंगीत काचेत दिसला होता, म्हणजे पारदर्शक पदार्थात अडकलेले कण ही गोष्ट अगदी सुरुवातीपासूनची आहे.

आता मुद्द्याचं. चमकणारे कण बनवायला सगळेच धावतात, खरी मारामारी पुढे आहे, ते कण प्लास्टिकमध्ये सुटे सुटे बसवायचे आणि प्लास्टिक पारदर्शकच ठेवायचं. बाटलीत टोल्युइनमध्ये कण मस्त विरघळलेले दिसतात कारण त्यांच्यावर ओलिक अ‍ॅसिडसारख्या लांब शेपटीच्या रेणूंचं आवरण असतं. तेच तू मिथाइल मेथाक्रिलेटमध्ये (ज्यापासून पारदर्शक प्लास्टिक बनतं तो द्रव) टाकून गरम करून पॉलिमर करायला गेलीस की साखळ्या वाढता वाढता कणांना बाजूला ढकलायला लागतात, कण एकमेकांना चिकटतात आणि स्वच्छ द्रव बघता बघता दुधाळ होतो. वरून साखळ्या सुरू करून देणाऱ्या इनिशिएटरमधून निघालेले रॅडिकल्स (कशालाही चटकन भिडणारे रेणूंचे तुकडे) कणांचा पृष्ठभाग खराब करतात, चमकही जाते. दुधाळ का होतं याचा हिशोब बघ, छोट्या कणाचं प्रकाश विखुरणं व्यासाच्या सहाव्या घातात वाढतं, आठ कण चिकटून दुप्पट व्यासाचा गोळा झाला की तो एका कणाच्या 64 पट प्रकाश विखुरतो, म्हणजे तेच आठ सुटे असते तर जेवढं झालं असतं त्याच्या आठ पट. मटेरियल तेवढंच, फक्त चिकटलं!

म्हणून माझं मत विचारशील तर केमिस्ट्री घे, आणि त्यातही पॉलिमर आणि सरफेस केमिस्ट्री जिथे नीट शिकवतात तिथे. कणावरचं आवरण बदलून प्लास्टिकशी जुळणारं लावणं हे हातात आलं की क्वांटम डॉट असो, कार्बन डॉट असो की इन्फ्रारेड घेऊन हिरवा प्रकाश देणारे यिटर्बियम-एर्बियमवाले कण असोत, तुझं काम अडत नाही. आणि समजा उद्या चमकणाऱ्या कणांची हवा गेली तरी कोटिंग, अ‍ॅडहेसिव्ह, पेंट, मेडिकल प्लास्टिक सगळीकडे कण नीट मिसळणारा माणूस लागतोच, बाबांना हे सांग.

फिजिक्स सोडायचं नाही पण. क्वांटम यील्ड (गिळलेल्या प्रकाशातला किती चमक होऊन परत येतो) कसं मोजतात, इंटिग्रेटिंग स्फिअर (सगळ्या दिशांचा प्रकाश गोळा करणारा पोकळ गोळा) कशाला लागतो, जाड शीटमध्ये कण आपलाच सोडलेला प्रकाश परत गिळतात तेव्हा स्पेक्ट्रम लालकडे का सरकतो, हे स्वतः मोजून बघ. सोलर खिडक्यांचं घोडं बऱ्यापैकी या गिळण्यावरच अडलंय, चमकणाऱ्या कणांची शीट प्रकाश पकडून कडेच्या सोलर सेलपर्यंत नेणार ही कल्पना 1970 च्या दशकातली आहे. मास्टर्सला प्रोजेक्ट निवडताना गाईडला सरळ विचार की सॅम्पलचं ट्रान्समिटन्स (किती प्रकाश आरपार जातो) आणि हेझ (किती धूसर दिसतं) मोजता का, की फक्त अंधारात यूव्ही मारून फोटो काढता. फोटोवालं उत्तर आलं तर दुसरा गाईड बघ, अंधारात सगळंच सुंदर दिसतं.

बऱ्याच क्वांटम डॉटमध्ये असणाऱ्या कॅडमियम या धातूच्या विषाचं विचारलंयस, भीती रास्त आहे. युरोपात इलेक्ट्रॉनिक्सच्या वस्तूंमध्ये कॅडमियमला 0.01 टक्के एवढीच मर्यादा आहे, त्यामुळे कॅडमियम नसलेल्या इंडियम फॉस्फाइडच्या कणांकडे बरंच काम वळलंय. पेरोव्स्काइट (एका खास स्फटिकरचनेचे) कण चमकतात झकास पण त्यात बहुतेकदा शिसं असतं आणि ओलावा लागला की मरतात, तिथे पुन्हा पॉलिमरचं आवरणच कामाला येतं. ग्लोव्हज आणि फ्यूम हूडशिवाय हात लावायचा नाही, सीनियर काहीही म्हणोत.

राहिला पीएचडीचा प्रश्न. नवीन कण शोधायचे असतील तर करावीच लागेल. फिल्म बनवणं, कोटिंग, क्वालिटी टेस्टिंग असल्या कामांना चांगली एमएस्सी आणि हाताला सवय पुरते, आधी दोनेक वर्षं तिथे काढून मग पीएचडीला गेलीस तरी काही बिघडत नाही. दोन्ही कॉलेजांचे सिलॅबस पाठव, इलेक्टिव्ह कुठले घ्यायचे ते खुणा करून देतो.