लेकीच्या मैत्रिणीच्या गळ्यातली चांदणी

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडला शिकते. तिच्यासोबत राहणाऱ्या मुलीच्या गळ्यात वर्तुळातली पाच टोकांची चांदणी असते. ती स्वतःला विक्कन म्हणवते. तिच्या कपाटावर काळ्या मुठीची सुरी, पेला आणि तीन चंद्रांचं चित्र आहे. हे सैतानाचं तर नाही ना? – एक आई

उत्तर : ताई, नाही. विक्का म्हणजे निसर्गपूजा आणि जादूटोण्याचे विधी मानणारा पंथ, त्यात सैतान नाहीच. तो ख्रिस्ती कल्पनेतला. हा पंथ जुना वाटतो, पण उजेडात आला १९५१ मध्ये ब्रिटनमधला जादूटोण्याविरुद्धचा जुना कायदा रद्द झाल्यावर. तो पुढे आणला जेराल्ड गार्डनर यांनी. मलायात कस्टम खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ!

पेन न उचलता कागदावर ती चांदणी काढून बघा. पाच रेघांत जिथून निघालात तिथेच परत येता. चार टोकं पृथ्वी, आप, तेज, वायूची, वरचं चैतन्याचं. भोवती वर्तुळ आलं की तिला पेंटॅकल म्हणतात.

भीती असते ती उलट्या चांदणीची. एकोणिसाव्या शतकात एलिफास लेव्ही या फ्रेंच गूढवाद्याने तिच्यात बोकडाचं डोकं पाहिलं, आणि १९६६ मध्ये अमेरिकेत निघालेल्या सैतानपंथी चर्चने तेच चिन्ह उचललं. गंमत अशी की गार्डनर यांच्या परंपरेत हीच उलटी चांदणी दुसऱ्या दीक्षेची खूण आहे. मीही पूर्वी चांदणी उलटी दिसली की बेधडक ‘सैतानी’ म्हणून मोकळा व्हायचो. आता आधी विचारतो, काढली कुणी?

सुरीचं नाव अथामे. तिने भाजीसुद्धा चिरत नाहीत. कापाकापीला पांढऱ्या मुठीची वेगळी असते. अथामेने विधीच्या जागेभोवती हवेत वर्तुळ आखतात. मग तिचं टोक पेल्यातल्या वाइनमध्ये बुडवतात : सुरी म्हणजे पुरुषतत्त्व, पेला म्हणजे स्त्रीतत्त्व. हे दृश्य बघून अंगावर काटा येतो खरा, पण रक्ताचा थेंब सांडत नाही.

चित्रातले चंद्र वाढता, पूर्ण आणि घटता. कुमारी, माता, वृद्धा अशी देवीची तीन रूपं. ही त्रयी लोकप्रिय केली कवी रॉबर्ट ग्रेव्हज यांच्या १९४८च्या पुस्तकाने, त्यामुळे तिच्या ‘हजारो वर्षांच्या’ प्राचीनतेच्या गप्पा मी तरी जरा साशंक होऊनच ऐकतो.

आणि ज्या चांदणीने तुमची झोप उडवली, तीच अमेरिकेत शहीद सैनिकांच्या थडग्यावर कोरता येते. २००५ मध्ये अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या एका विक्कन सैनिकाच्या पत्नीला त्यासाठी कोर्टात जावं लागलं. २००७ मध्ये सरकारने मंजुरी दिली.

लेकीला सांगा, सुरीला हात लावण्याआधी मैत्रिणीला विचार. अनेकांना आपलं अथामे दुसऱ्याने हाताळलेलं आवडत नाही.